फुकट छत्रीचा इतिहास

#थ्रेड

१९०६ च्या ऑक्टोबर महिन्यात तुतिकोरीन येथे स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची नोंदणी झाली. तिचे प्रवर्तक व. उ. चिदंबरम पिळ्ळै हे व्यवसायाने वकील आणि राजकारणात टिळकांचे अनुयायी. तुतिकोरीन ते कोलंबो हा जलमार्ग तोवर ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या मुठीत होता. स्वदेशी आगबोटी सुरू होताच त्या बलाढ्य कंपनीने भाडे उतरवले, पुन्हा उतरवले आणि अखेर प्रवासच फुकट केला. उतारूंना वर एक छत्रीही फुकट दिली जाई, असे या लढ्याच्या बहुतेक वर्णनांत आढळते.

ही छत्री आपण शालेय वयापासून वाचत आलो आहोत, आणि वाचून आपल्याला संतापही येतो. त्या उतारूंनी ती नाकारायला हवी होती, असे आपण सहज म्हणून जातो.

मात्र हाच प्रश्न फोनवरच्या फुकट सेवांविषयी विचारला की आपला सूर पालटतो. ग्राहकाचा तर फायदाच झाला, मग अन्याय कोणावर? छोट्या कंपन्या बुडाल्या त्या स्वतःच्या उणिवांमुळे! हा युक्तिवाद मी वर्गात ऐकला आहे, अर्थशास्त्र शिकणाऱ्या मित्रांकडून ऐकला आहे आणि खुद्द स्टार्टअपमध्ये दिवसरात्र राबणाऱ्या समवयस्कांकडूनही ऐकला आहे. तो मला मान्य नाही. का मान्य नाही, हे एका विस्मृतीत गेलेल्या दूरध्वनी सेवेच्या आधारे सांगतो.

अमेरिकेत ४११ हा क्रमांक फिरवला की चौकशी कक्ष लागतो. गाव सांगावे, दुकानाचे अथवा माणसाचे नाव सांगावे, पलीकडून दूरध्वनी क्रमांक मिळतो. बेल कंपनीच्या एकाधिकाराच्या काळात ही चौकशी कित्येक दशके विनाशुल्क होती. १९७४ मध्ये सिनसिनाटी बेलने तिच्यावर आकार लावला आणि पाठोपाठ इतरांनीही तेच केले. २००५ च्या सुमारास एका चौकशीला एक डॉलरहून अधिक पैसे पडत. एका क्रमांकासाठी एवढे पैसे!

ही फट हेरून २००५ मध्ये जिंगल नेटवर्क्स नावाच्या नव्या कंपनीने १-८००-फ्री-४११ ही सेवा सुरू केली. चौकशी फुकट, फक्त क्रमांक मिळण्यापूर्वी काही सेकंदांची जाहिरात ऐकायची. एका पिझ्झावाल्याचा क्रमांक मागितला, तर त्याच गावातल्या दुसऱ्या पिझ्झावाल्याचे आमिष आधी कानावर पडे. थोडे चावट, पण चोख गणित होते. मोठ्या दूरध्वनी कंपन्यांना या सेवेचा ताप होऊ लागला.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवील. अरे, मग जिंगलही फुकटच देत होती की! तिनेही मोठ्यांचा धंदा फुकटाच्या जोरावरच तोडला. तिने केले ते शौर्य आणि गूगलने केले ते पाप, हा कुठला न्याय?

आक्षेप रास्त आहे आणि माझा संपूर्ण मुद्दा त्याच्या उत्तरात आहे. जिंगलच्या फुकटाचा हिशेब त्याच फोनमध्ये पुरा होत असे. ऐकणाऱ्याने आपले काही क्षण दिले, जाहिरातदाराने त्या क्षणांचे पैसे मोजले, क्रमांक मिळाला, फोन ठेवला. कोणी कोणाला काय दिले हे तिन्ही पक्षांना ठाऊक होते. या हिशेबात पैसे उरले नाहीत तर कंपनी बुडणार, हेही उघड होते.

एप्रिल २००७ मध्ये गूगलने आपली चौकशी सेवा आणली. नाव गूग-४११. हीदेखील फुकट, वर जाहिरात अजिबात नाही. यंत्र आपला उच्चार ओळखी, दुकानांची नावे सांगे, आपण निवड केली की फोन परस्पर जोडूनही देई आणि त्याचेही पैसे घेत नसे. व्यक्तींचे क्रमांक तिच्याकडे नसत, केवळ व्यावसायिकांचे. तेवढी एक उणीव सोडली तर जाहिरात ऐकायला लावणाऱ्या छोट्या कंपनीपेक्षा ती ग्राहकाला सर्वार्थाने सरस वाटणार, यात नवल नव्हते.

मग पैसे कुठून येत होते? कुठूनच नाही. तशी अपेक्षाच नव्हती.

याची कबुली आपल्याला कोणा गुप्त कागदपत्रात शोधावी लागत नाही. गूगलच्या तेव्हाच्या उपाध्यक्षा मारिसा मायर यांनी २००७ मध्येच एका मुलाखतीत ती मोकळेपणाने दिली. फुकट चौकशी हा स्वतंत्रपणे फायद्याचा धंदा ठरेल की नाही याविषयी त्या स्वतः साशंक होत्या. सेवा सुरू करण्याचे खरे कारण त्यांनी वेगळे सांगितले: माणसाचे बोलणे मजकुरात उतरवणारी प्रणाली घडवण्यासाठी पुष्कळ लोकांचे पुष्कळ उच्चार हवे होते. एकच शब्द नाना कंठांतून, नाना हेलांत, रस्त्याच्या गोंगाटासह. पैसे देऊन असा साठा जमवायचा तर खर्च अफाट आणि बोलणेही कृत्रिम. गरजू माणूस मात्र आपल्या नैसर्गिक आवाजात गावाचे नाव उच्चारतो, यंत्राने चुकीचे ऐकले तर पुन्हा स्पष्ट उच्चारतो आणि अखेर योग्य दुकान निवडून यंत्राला बरोबर उत्तरही सांगून जातो. या शेवटच्या कृतीचे मोल फार मोठे आहे. शिकवणी करणारा गुरुजी स्वतःहून, बिनपगारी, रोज हजर!

पुढच्या तारखा पाहा. २००८ मध्ये कंपनीच्या अभियंत्यांनी या सेवेतून मिळालेल्या धड्यांवर शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आयफोनवर बोलून शोध घेण्याची सोय आली. जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन हा फोन आला, त्यात जिथे टंकन करता येई तिथे बोलूनही लिहिता येऊ लागले. आणि १२ नोव्हेंबर २०१० रोजी गूग-४११ बंद करण्यात आली.

साडेतीन वर्षे. खाणीतले खनिज संपले, खाण बंद.

जिंगल नेटवर्क्स एप्रिल २०११ मध्ये मारचेक्स या जाहिरात कंपनीने सुमारे सहा कोटी पंचवीस लाख डॉलरना विकत घेतली. टेलमी ही आवाजावर चालणाऱ्या दूरध्वनी सेवांतली आणखी एक जुनी कंपनी मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच घेतली होती. अर्थात या क्षेत्रातल्या छोट्यांना दोनच वाटा उरल्या होत्या: दुसऱ्या राक्षसाच्या पोटात जाणे किंवा जाहिरातीच्या धंद्यात विरघळणे.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट नोंदवतो. गूग-४११ आली नसती तरी चौकशी सेवांचा अस्त अटळ होता. आयफोन २००७ चाच. खिशात नकाशा आणि शोधयंत्र आल्यावर ४११ कोण फिरवणार? म्हणून गूगलने जिंगलला मारले, असे सोपे वाक्य मी लिहिणार नाही. मात्र खिशात आलेल्या त्या नव्या जगात बोलण्याचे यंत्र कोणाकडे असेल, हे याच साडेतीन वर्षांत ठरत होते. छोटी कंपनी जाहिरातीचे पैसे मोजत बसली होती. प्रतिस्पर्धी पैसे मोजतच नव्हता. तो वेगळेच काही साठवत होता. कुस्ती एका आखाड्यात लागलेली आणि गदा दुसऱ्याच आखाड्यात ठेवलेली.

१९०६ आणि २००७ यांतला फरक नेमका इथे आहे. ब्रिटिश इंडिया कंपनीचा डाव उतारूला कळत होता: आज फुकट, उद्या स्वदेशी बोट बुडाली की पुन्हा चढे भाडे. त्या डावाला विरोध करायचा तर देशाभिमान पुरे होता. (स्वदेशी कंपनी केवळ छत्रीमुळे बुडाली नाही, हेही सांगायला हवे. १९०८ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांना राजद्रोहाखाली तुरुंगात टाकले गेले, आणि १९११ पर्यंत कंपनी गुंडाळली गेली. दरयुद्ध आणि सरकारी दंडुका हातात हात घालून चालले होते.) गूग-४११ ला मात्र उद्या दर वाढवायचाच नव्हता. सेवाच बंद करायची होती.

कायदा इथेच आंधळा होतो. दर पाडून प्रतिस्पर्ध्याला मारण्याचे आरोप तपासण्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ब्रूक ग्रुप खटल्यात दुहेरी कसोटी घालून दिली. खटला होता सिगारेट उत्पादकांचा. दर खर्चाहून कमी हवा. आणि आज सोसलेला तोटा उद्या चढ्या दराने वसूल होण्याची दाट शक्यताही सिद्ध व्हायला हवी. सिगारेटला ही कसोटी लागू पडेल. गूग-४११ ला कशी लावणार? वसुली दूरध्वनीच्या बाजारात होणारच नव्हती. ती झाली फोनच्या पडद्यावर, निराळ्या वर्षी, निराळ्या नावाने. आणि ती रुपया-डॉलरांत मोजली जात नव्हती.

एका न्यायालयाने हा डोळा उघडला होता, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विषय दूरध्वनीचा नव्हे, त्याच्या सख्ख्या भावाचा, नकाशांचा. बोतँ कार्टोग्राफ ही फ्रेंच कंपनी व्यावसायिकांना विकतचे नकाशे पुरवी. गूगल तेच फुकट देई. ३१ जानेवारी २०१२ रोजी पॅरिसच्या वाणिज्य न्यायालयाने गूगलला वर्चस्वाच्या गैरवापरासाठी दोषी धरून पाच लाख युरो भरपाईचा आदेश दिला. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. २०१८ मध्ये गूगलने नकाशांसाठी नवे दरपत्रक काढले आणि फुकट वापराची मर्यादा एवढी खाली आणली की जगभरच्या छोट्या संकेतस्थळांची धावपळ उडाली. न्यायालयाच्या निकालाला उशीर झाला की घाई, हे आपणच ठरवा.

आता मुंबईकडे येऊ, कारण या कथेची एक शाखा आपल्या अंगणातली आहे आणि तिच्याविषयी कोणी लिहीत नाही.

२००७ च्या आसपास भारतात बहुसंख्य लोकांच्या हाती होता तो साधा फोन. इंटरनेट नाही, एसएमएस आहे. एसएमएस पाठवणाऱ्याला पैसे पडत, घेणाऱ्याला नाही. या एका तथ्यावर मुंबईत एक छोटासा उद्योग उभा राहिला. आपले इंडियावर्ल्ड हे संकेतस्थळ १९९९ मध्ये ४९९ कोटी रुपयांना विकणारे राजेश जैन यांच्या नेटकोरने मायटुडे ही सेवा काढली: नाव नोंदवा, बातम्या, क्रिकेट, सुविचार रोज फोनवर फुकट. बीरुद शेठ यांच्या वेबारू कंपनीची एसएमएस गपशप त्याच सुमाराची. तिच्यात कोणीही आपला गट काढावा आणि एकाच संदेशात शेकडो सभासदांना निरोप धाडावा. गणित जिंगलसारखेच. कंपनी घाऊक दराने संदेश विकत घेई आणि संदेशाच्या शेपटीला जाहिरात लावी.

माझ्या मामाच्या फोनवर असे संदेश सकाळी येत. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. रोमन लिपीतले मराठी सुविचार मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे असे. रोमनमध्येच का, ते पुष्कळ उशिरा कळले. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, देवनागरीत फक्त ७०. एक मराठी संदेश देवनागरीत धाडायचा तर दुप्पट खर्च. ज्याचे पोट प्रत्येक संदेशाच्या पैशावर अवलंबून आहे तो देवनागरी कशी परवडवणार? ज्याचे पोट त्यावर अवलंबून नाही, त्याला मात्र ती सहज परवडते.

२००८ मध्ये गूगलने भारतात एसएमएस चॅनेल्स आणले. गट काढा, सभासद जमवा, संदेश धाडा, सारे फुकट. म्हणजे मुंबईकर कंपन्या जे पैशापैशाचा हिशेब घालून करीत होत्या, तेच एका अतिश्रीमंत कंपनीने प्रयोग म्हणून करून पाहिले. काही वर्षांत प्रयोग बंदही झाला. एका घरात जो चरितार्थ होता, तो दुसऱ्या घरात केवळ प्रयोग होता.

या छोट्यांचे पुढे काय झाले, तर निव्वळ शोकांतिका झाली नाही. २७ सप्टेंबर २०११ रोजी दूरसंचार नियामकाने नकोशा जाहिरात-संदेशांविरुद्ध नवे नियम लागू केले आणि दिवसाला एका सिमवरून शंभर एसएमएस अशी मर्यादा घातली. समूह-संदेशांच्या धंद्याला तो मोठा फटका होता. त्यानंतर व्हॉट्सॲपचा पूर आला; फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने ते एकोणीस अब्ज डॉलरना घेण्याचा करार जाहीर केला. गपशपने सामान्य माणसाच्या गटांचा नाद सोडला, मोठ्या कंपन्यांचे संदेश पोचवण्याचे काम धरले आणि २०२१ मध्ये तिचे मूल्य एक अब्ज डॉलरच्या वर गेले. आज तिच्या कामाचा मोठा भाग व्हॉट्सॲपवरून चालतो. जमीन दुसऱ्याची, नांगर आपला.

इतिहासात याचाही दाखला आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीची लॉयल्टी ही आगबोट १९१९ मध्ये मुंबईहून निघाली, तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या गटाने तिच्याशीही दरयुद्ध मांडले. सिंदिया बुडाली नाही. तिने १९२३ मध्ये करार केला: जहाजांच्या एकूण क्षमतेवर मर्यादा, आणि व्यापार केवळ हिंदुस्थानच्या किनाऱ्यालगत. टिकली, पण समुद्र सोडून. गपशपच्या यशाच्या बातम्या वाचताना मला हा करार आठवतो, आणि अभिनंदन करताना हात थोडा आखडतो.

"छोट्यांनी अधिक कल्पक व्हायला हवे होते" असे म्हणणाऱ्यांना माझा थेट प्रश्न आहे. मायटुडे, गपशप, जिंगल यांच्यात कल्पकतेची कोणती उणीव होती? साध्या फोनवर समाजमाध्यम उभे करणे ही कल्पकता नव्हे काय? उणीव होती ती दुसऱ्या खिशाची. ज्याच्या एका खिशात शोधजाहिरातींचा अखंड झरा आहे, तो दुसऱ्या खिशातून दहा वर्षे तोटा सांडू शकतो. त्याच्याशी बरोबरी करण्याला कल्पकता म्हणत नाहीत, कर्ज म्हणतात.

आणि "ग्राहकाचा फायदा" म्हणणाऱ्यांना उत्तर देताना मी स्वतःकडे बोट दाखवतो. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलच्या बोलून टंकन करण्याच्या सोयीत मराठी आली. या धाग्यातला बराचसा कच्चा मजकूर मी अंगणात येरझाऱ्या घालत तिच्यातच बोलून लिहिला आहे. उत्तम चालते. फायदा मी नाकारत नाही. छत्रीनेही पाऊस अडतच होता. माझी तक्रार एवढीच आहे की मराठी उच्चार ओळखणारे यंत्र मुंबईत किंवा पुण्यात घडवू पाहणाऱ्या माणसाला तसा साठा जमवण्याची संधी कोणत्या दाराने मिळणार होती? फुकट सेवा चालवायला त्याच्याकडे पैसा नाही, आणि विकत सेवा कोणी घेत नाही, कारण शेजारी फुकट मिळते.

आपल्या नियामकाची नजरही अशीच अर्धवट आहे. ५ सप्टेंबर २०१६ पासून जिओने महिनोन्‌महिने सारे फुकट दिले; एअरटेलची तक्रार जून २०१७ मध्ये स्पर्धा आयोगाने फेटाळली, कारण नवागत जिओचे बाजारावर वर्चस्व आहे असे त्याला दिसले नाही. खिसा दुसऱ्या धंद्याचा आहे, याला तेथे महत्त्व नव्हते. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच आयोगाने अँड्रॉइडसोबत स्वतःची ॲप बळेच बसवायला लावल्याबद्दल गूगलला १,३३७ कोटींहून अधिक दंड केला. तिथे आयोगाला दोन वस्तूंमधली दोरी दिसली. दोरी नसली, नुसता खिसा असला, तर काय करायचे, याचे उत्तर आपल्या कायद्यात अजून लिहिलेले नाही. वर्चस्व तपासताना कंपनीचा एकच बाजार न पाहता तिचे सारे खिसे एकत्र मोजावेत, आणि फुकट सेवेतून जमवलेला आवाज, चेहरा, ठावठिकाणा यांची वसुली म्हणून नोंद व्हावी, एवढी मागणी मला वाजवी वाटते.

शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याचे एक रडगाणे. तुतिकोरीनच्या दरयुद्धाची कागदपत्रे पुराभिलेखागारांत सापडतात, कारण वसाहतीच्या सरकारनेही टिपणे ठेवली. गूग-४११ वर उच्चारलेली गावांची नावे एका कंपनीच्या मालकीची आहेत. मायटुडेचे सुविचार आणि गपशपचे गट तर बहुधा कुठेच नाहीत. मला त्यांवर काही लिहायचे आहे. तेव्हा घरात २००७ ते २०११ च्या काळातला जुना नोकिया पडून असेल तर तो जुन्या बाजारात देऊ नका. बॅटरी फुगली असेल तर काढून ठेवा, चार्जर शोधा, सुरू झाला तर इनबॉक्समधल्या अशा संदेशांची तारखेसह छायाचित्रे घ्या, आणि घरच्यांची परवानगी घेऊन मला पाठवा. जाहिरातीची शेपटी कापू नका. मला तीच हवी आहे.